'क्रेडिट' : शब्द एक, अर्थ अनेक

व्यापारी कुटुंबात दिवसातून अनेकदा उच्चारला जाणारा 'क्रेडिट' हा इंग्रजी शब्द मराठीत आणावयाचा झाल्यास एका शब्दाने भागत नाही. वहीत तो 'जमा' होतो, दुकानात 'उधार', बाजारात 'पत' आणि कौतुकाच्या प्रसंगी 'श्रेय'. या सर्व अर्थांचे मूळ मात्र एकच आहे. लॅटिन भाषेत 'क्रेडेरे' म्हणजे विश्वास ठेवणे.

हे मूळ ध्यानी घेतले म्हणजे हिशेब शिकणाऱ्या मुलांना पडणारे एक कोडे सुटते. बँकेत भरलेले दहा हजार रुपये पासबुकात 'क्रेडिट' दिसतात. आपल्या वहीत मात्र बँकेच्या खात्यास तीच रक्कम नावे पडते. यात विसंगती नाही. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा होय. विश्वासाने रक्कम सोपविणारे आपण बँकेच्या लेखी धनको ठरतो. व्हेनिसमधील व्यापाऱ्यांची ही दुहेरी नोंदपद्धती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये छापील ग्रंथात मांडली.

पुढे शब्दाला अनेक शाखा फुटल्या. माल परत आला किंवा दर जास्त लागला, तर विक्रेता 'क्रेडिट नोट' देतो. 'लेटर ऑफ क्रेडिट'मध्ये बँक माल पाहत नाही, कागदपत्रे पाहून पैसे देते. म्हणूनच कागदपत्रांतील तफावत निर्यातदाराला महागात पडते. जीएसटीतील 'इनपुट टॅक्स क्रेडिट' म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्याचे पैसे न दिल्यास ती व्याजासह परत करावी लागते, आणि पैसे चुकते केल्यावर पुन्हा घेता येते. विक्रेत्याने आपले विवरणपत्र भरले नाही, तरी खरेदीदाराची वजावट अडकते. येथेही एकाची सचोटी दुसऱ्याच्या वहीशी बांधलेली आहे.

सर्वांत नाजूक अर्थ 'पत' हाच. पूर्वी ती पेढीच्या नावावर आणि हुंडी वेळेवर सकारण्यावर ठरे. आज सिबिलच्या ३०० ते ९०० या गुणांकावर ठरते. नात्याखातर कोणाच्या कर्जास जामीन राहिल्यास त्या कर्जाची नोंद जामीनदाराच्याही अहवालात येते. हप्ते थकले, तर वर्षांनंतर मुलाच्या दुकानासाठी मागितलेले कर्ज त्याच कारणाने नाकारले जाऊ शकते. स्वाक्षरीपूर्वी कर्जाची रक्कम व मुदत विचारणे हा म्हणूनच नात्याचा अवमान नव्हे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. दिवाळीत वह्या बदलताना तोही पाहून घ्यावा.

जमा रक्कम खर्च झाली तर पुन्हा मिळविता येते, उधारीही वसूल होते. पत मात्र एकाच्या स्वाक्षरीने जाते आणि ती परत मिळवण्यास साऱ्या घराला झटावे लागते.