सायकलीची पुनर्बांधणी
सायकलीची पुनर्बांधणी म्हणजे जुन्या सायकलीची फ्रेम कायम ठेवून तिच्यावर निरनिराळ्या सायकलींचे सुटे भाग बसवणे होय. गोंदियासह ग्रामीण महाराष्ट्रात परिचित असलेल्या रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलींची अशी पुनर्बांधणी करता येते. मात्र सुटे भाग निवडताना केवळ नाममात्र मापावर विसंबून चालत नाही. उदाहरणार्थ, २६ × १ ३/८ इंची टायरचा रिमवर बसणारा व्यास ५९० मिलिमीटर, तर क्रूझर सायकलीच्या २६ × २.१२५ इंची टायरचा ५५९ मिलिमीटर असतो. त्यामुळे दोन्ही ‘२६ इंची’ असूनही ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आऱ्यांकडील बाजूवर, तर कॅलिपर ब्रेकचे रबर रिमच्या दोन्ही कडांवर दाबले जाते. म्हणून ब्रेकचा प्रकार बदलल्यास त्यास अनुरूप रिम आवश्यक ठरते. अन्यथा ब्रेक पुरेशी पकड घेत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असल्याने डावे व उजवे पेडल परस्परांच्या जागी बसत नाही.