नाल्याच्या अलीकडे

"दोनच अटी," आपा म्हणाली होती. "मगरिबनंतर गाडी चालवायची नाही आणि वाहत्या पाण्यात चाक घालायचं नाही."

भाचा 19 वर्षांचा. लायसन्स नुकतेच हातात आलेले. मोटारसायकलवर तंबू बांधून भर पावसात एक रात्र बाहेर काढायची, हे त्याच्या डोक्यात बरेच दिवस होते. एकट्याला पाठवायला आपा तयार नव्हती, म्हणून मामूला, म्हणजे मला, सोबत जुंपले गेले. आपाची दुसरी अट उगाच नव्हती. आमच्या घरातला एक माणूस एका पावसाळ्यात नाल्यावरून परत आला नव्हता. आपा त्याबद्दल कधी बोलत नाही. अट मात्र घालते.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी फजरची नमाज पढून आम्ही कारंज्याहून निघालो. मंगरूळपीर, वाशिम, रिसोड असे करत लोणारपर्यंत जायचे, असा बेत. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो. पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. एका अर्थी ते बरेच. जुन्या रस्त्याला गावे लागतात, आणि गाव म्हटले की पंक्चरवाला आलाच.

आमची गाडी जुनी, शंभर सीसीची, ट्यूबचे टायर असलेली. मंगरूळपीर ओलांडले आणि थोड्या वेळाने मागचे चाक डुलायला लागले. बाभळीचा काटा. कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्या पावसात रस्त्यावर येतात. भाच्याने मोबाइलवर पंक्चर काढण्याचे कितीतरी व्हिडिओ पाहिले होते. हाताने एकदाही काढले नव्हते. मी म्हटले, "तूच कर. मी छत्री धरतो."

टामीने टायर उचलायलाच त्याला वीस मिनिटे लागली. छिद्र मात्र लगेच सापडले. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून रस्त्याकडेच्या डबक्यात बुडवली की बुडबुडे येतात. मग तो फसला. ओल्या ट्यूबवर सोल्यूशन लावले आणि लगेच पॅच चिकटवला. हवा भरली, पॅच सुटला. ट्यूब कोरडी पुसायची, कानसपट्टीने घासायची, सोल्यूशन लावून ते सुकू द्यायचे आणि मगच पॅच दाबायचा. पावसात हे "सुकू द्यायचे" सगळ्यात अवघड. रेनकोटखाली ट्यूब धरून आम्ही दोघे गपचूप बसलो. दुसऱ्यांदा ट्यूब आत घालण्याआधी मी त्याला टायरच्या आतून फडके फिरवायला लावले. काट्याचे टोक आतच होते. ते राहिले असते, तर पुढच्या पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर.

वाशिमच्या अलीकडे एका फाट्यावर पंक्चरचे दुकान दिसले. हातपंपाने भरलेली हवा कमी वाटत होती, म्हणून थांबलो. दुकानातल्या चाचांनी हवा तपासली आणि चेन बोटाने उचलून पाहिली. "पावसानं तेल धुतलं सगळं," म्हणत दोन थेंब सोडले. मी खिशात हात घातला, तर म्हणाले, "हवेचे काय पैसे? मुसाफिर आहात, दुआ करा." रस्त्यातला दगड बाजूला करणे हासुद्धा सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या फाट्यावर ते पाहायला मिळाले.

वाशिम सोडल्यावर पाऊस वाढला आणि गाडी अडखळायला लागली. प्लगच्या टोपीत पाणी गेले होते. टोपी काढून पुसली, प्लग उघडून कोरडा केला आणि जुन्या ट्यूबचा तुकडा टोपीवर बसवून तारेने आवळला. हे काम भाच्याने एकट्याने केले. त्याचे हात काळे झाले होते आणि चेहरा खुलला होता.

या सगळ्यात दुपार सरली. वेळ वाचवावा म्हणून त्याने आतला एक रस्ता सुचवला, आणि मीही हो म्हटले. डांबर संपले, काळी माती सुरू झाली. आपली ही जमीन कापसाला, सोयाबीनला कसदार. पण ओली झाली की चाकाला सोडत नाही. मडगार्डमध्ये गारा ठासून भरला आणि पुढचे चाक फिरेना. काडीने कोरायचे, शंभर पावले जायचे, पुन्हा कोरायचे. त्यातून बाहेर पडलो तेव्हा साडेसहा होत आले होते. पुढे नाला होता.

नाल्यावर रपटा होता आणि रपट्यावरून पाणी वाहत होते. फार नाही, घोट्याच्या थोडे वर असेल. गढूळ, वेगाचे. आमच्या डोळ्यांदेखत एक मोटारसायकलवाला पाय वर धरून पलीकडे गेला.

"मामू, तो गेला ना," भाचा म्हणाला. "पलीकडं लगेच डांबरी रस्ता आहे."

खरे सांगतो, माझेही मन झाले होते. कपडे ओले, पाठ भरून आलेली, आणि मागे वळायचे म्हणजे पुन्हा तोच चिखल. माणूस पाण्यात शिरतो तो शौर्यामुळे नव्हे, थकल्यामुळे शिरतो. मी गाडी गिअरमध्ये टाकली होती.

बैल घेऊन परतणारा एक शेतकरी तिथे थांबला. "कुठी चालले बाप्पा? वर लय पानी झालं. चढून राह्यलं." मग आमच्या तंबूकडे पाहून म्हणाला, "घाई कायची हाय? नाला सकाळी बी इथंच राहीन."

मी गाडी बंद केली. भाचा काही वेळ बोललाच नाही.

शेतकऱ्याने आम्हाला गावातल्या जिल्हा परिषद शाळेकडे नेले आणि सरपंचांना फोन करून ओसरी मिळवून दिली. मैदानात तंबूच्या खुंट्या धरत नव्हत्या. काळ्या मातीत ठोकलेली खुंटी हाताने उपसून येते. म्हणून तंबू ओसरीतच उभा केला आणि दोऱ्या खांबांना बांधल्या. पागोळीच्या पाण्याने वजू केले आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीवर मगरिब पढली. रात्री शेतकऱ्याच्या घरून भाकरी, ठेचा आणि गरम वरण आले. आमच्याकडचे खजूर आम्ही त्याच्या मुलांना दिले.

भाच्याने आपाला स्वतःहून फोन लावला. "अम्मी, लोणारला नाही पोचलो. नाल्याच्या अलीकडे थांबलो." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तिने विचारले, "जेवलात का?"

पहाटे पाऊस उघडला होता. नाल्यावर गेलो, पाणी उतरले होते. रपट्याची डावी कड हातभर खचलेली होती. खालचा मुरूम वाहून गेला होता आणि वरचे काँक्रीट ओठासारखे लोंबत होते. ते कधी खचले, कुणास ठाऊक. पण काल संध्याकाळी त्या गढूळ पाण्याखाली काय आहे ते आम्हाला दिसत नव्हते, आणि त्या मोटारसायकलवाल्यालाही दिसत नव्हते. तो सुखरूप गेला, अल्हम्दुलिल्लाह. पण त्याचे जाणे हा पुरावा नव्हता.

मागे फिरून मोठ्या रस्त्याने आम्ही दुपारपर्यंत लोणारला पोचलो. काठावरून सरोवर पाहिले. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेले ते विवर, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, आणि त्यावर उतरलेले ढग. तासभर थांबून परत फिरलो, कारण मगरिबच्या आत घर गाठायचे होते.

घरातली मुले पावसात गाडीवर निघणार असतील, तर चार गोष्टी सोबत द्या. टामी, पॅच, सोल्यूशन, कानसपट्टी आणि हातपंप असलेली एक पिशवी. प्लगचा पान्हा आणि कोरडे फडके प्लास्टिकमध्ये गुंडाळून. चेनसाठी तेलाची लहान बाटली. चौथी गोष्ट म्हणजे घरच्या अंगणात एकदा स्वतःच्या हाताने काढलेले पंक्चर; मुलाने काढावे, मुलीनेही काढावे. गाडी पाण्यातून गेली असेल, तर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चालवून ते कोरडे करून घ्यावेत. आणि वाहते पाणी दिसले की थांबावे. आपत्तीच्या वेळी काम करणारे लोक सांगतात की वेगाचे पाणी घोट्याच्या थोडे वर असले तरी माणसाला पाडू शकते, आणि फूटभर पाणी लहान मोटारीला वाहून नेऊ शकते. मोटारसायकल तर त्याहून हलकी.

परवा आपाकडे गेलो होतो. दुरुस्तीची पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती. आत सोल्यूशनची नवी ट्यूब होती, आणि भाच्याने आपल्या पैशाने आणलेला एक जास्तीचा पॅचचा डबा. "दुसरा कशाला?" मी विचारले.

"रस्त्यात कुणी अडकलेलं भेटलं तर," तो म्हणाला.