‘सिग्निफिकंट फॉर्म’ : एका विशेषणाचा इतिहास

आधुनिक कलामीमांसेच्या कोणत्याही अभ्यासक्रमात ‘सिग्निफिकंट फॉर्म’ ही संज्ञा भेटतेच. आणि मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा येथेच होते. ‘अर्थपूर्ण आकार’, ‘सार्थ रूप’, ‘अर्थगर्भ आकृती’ असे जे पर्याय सहज सुचतात, ते स्वीकारताच विद्यार्थी असे गृहीत धरतो की, या उपपत्तीप्रमाणे आकारात काही अर्थ भरलेला असतो व रसिकाने तो उलगडावयाचा असतो. वस्तुतः ज्या लेखकाने ही संज्ञा रूढ केली, त्याने नेमके याच्या उलट प्रतिपादन केले होते. हा घोटाळा केवळ भाषांतराचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तो मूळ इंग्रजी शब्दातच दडलेला आहे, आणि विसाव्या शतकातील रूपवादी कलाविचाराचा बराचसा इतिहास म्हणजे तो सोडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

या संज्ञेची पार्श्वभूमी एका प्रदर्शनाने तयार केली. नोव्हेंबर १९१० मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत रॉजर फ्राय याने माने, सेझान, गोगँ, व्हॅन गॉग प्रभृतींची चित्रे मांडली. या चित्रकारांना एकत्र बांधणारे नाव हवे होते. काही पर्याय सुचवून झाल्यावर फ्रायने ‘पोस्ट-इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द पत्करला. त्या नावात कलाविषयक तत्त्व कोणतेच नाही. हे चित्रकार इम्प्रेशनिस्टांच्या नंतरचे, एवढेच ते सांगते. (‘इम्प्रेशनिझम’, ‘फोव्हिझम’ व ‘क्यूबिझम’ ही नावे पत्रकारांच्या उपहासातून जन्मली, हे लक्षात घेता फ्रायचे नाव निदान सभ्य म्हटले पाहिजे.) प्रेक्षकांपैकी अनेक जण हसले, अनेक संतापले. ज्यांना चित्र म्हणजे हुबेहूब दर्शन किंवा बोधप्रद कथानक एवढेच ठाऊक होते, त्यांना सेझानच्या तिरप्या मेजावरील सफरचंदांत पाहण्यासारखे काय आहे ते कळेना. या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते, आणि जुन्या परिभाषेत ते देता येत नव्हते.

फ्रायजवळ उत्तराची सामग्री आधीच होती. केंब्रिजला निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या या अभ्यासकाने १९०९ मधील आपल्या सौंदर्यविषयक निबंधात रेषेची लय, वस्तुमान, अवकाश, छायाप्रकाश, रंग अशा घटकांची छाननी करून प्रत्येकाचा संबंध मनुष्याच्या शारीरिक अनुभवाशी जोडला होता. रेषेत हाताची हालचाल जाणवते, वस्तुमानात जडत्वाची जाणीव असते. म्हणून हे घटक चित्रविषयाच्या मध्यस्थीवाचूनही भावना चाळवू शकतात. उपपत्ती साधीच आहे, पण तिच्यात एक शास्त्रीय सावधपणा आहे. आकार भावना का जागवितो, या प्रश्नाला ती काही एक उत्तर देते.

क्लाइव्ह बेल याचा पिंड वेगळा होता. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्ट’ या ग्रंथात त्याने एकच प्रश्न विचारला : इस्तंबूलची सेंट सोफिया, शार्त्र्‌च्या खिडक्या, मेक्सिकन शिल्प, इराणी वाडगा, चिनी गालिचे, पादुआतील जॉत्तोची भित्तिचित्रे आणि सेझानची चित्रे या सर्वांत समान असा कोणता गुण आहे? त्याच्या मते उत्तर एकच संभवते, ते म्हणजे ‘सिग्निफिकंट फॉर्म’ : रेषा व रंग यांची अशी रचना की जी संवेदनक्षम प्रेक्षकाच्या ठिकाणी एक विशिष्ट ‘सौंदर्यभावना’ उत्पन्न करते. चित्र कशाचे आहे हे कलादृष्ट्या अप्रस्तुत होय. फ्रिथच्या १८६२ मधील रेल्वे स्थानकाच्या गाजलेल्या चित्रात त्या काळच्या समाजाची माहिती भरपूर आहे, पण बेलच्या लेखी ती कलाकृती नव्हे. तो एक मनोरंजक दस्तऐवज होय.

आता या विशेषणाकडे पाहिले पाहिजे. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द लॅटिनमधील ‘चिन्ह’वाचक शब्दापासून आला असून इंग्रजीत त्याच्या दोन अर्थच्छटा स्थिरावल्या आहेत : एक ‘काही सुचविणारा’, दुसरी ‘लक्षात घेण्याजोगा, महत्त्वाचा’. पहिल्या अर्थाने वापरला असता शब्द सापेक्ष राहतो; कशाचा सूचक, हा प्रश्न त्याच्यामागून येतोच. दुसऱ्या अर्थाने तो स्वयंपूर्ण असतो. बेलला तत्त्वतः दुसरीच छटा अभिप्रेत आहे, कारण त्याचा आकार बाहेरच्या कशाचाही निर्देश करीत नाही. परंतु शब्दाला जे वजन आहे ते सारे पहिल्या छटेतून आलेले आहे. ‘महत्त्वाचा आकार’ असे म्हटले असते तर ग्रंथाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते! योगायोग असा की, ही द्व्यर्थकता मराठीत उतरविणारा शब्द आपल्याकडे आहे. ‘लक्षण’ म्हणजे चिन्ह, आणि ‘लक्षणीय’ म्हणजे दखल घेण्याजोगे. चिन्हापासून महत्त्वापर्यंतचा तोच प्रवास या शब्दानेही केला आहे. ‘लक्षणीय आकार’ हा पर्याय कानाला फिका वाटतो हे खरे. पण ‘अर्थपूर्ण’ या शब्दाइतकी दिशाभूल तो करीत नाही.

बेलवरील चक्रकदोषाचा आरोप सर्वपरिचित आहे. सौंदर्यभावना म्हणजे काय? लक्षणीय आकारामुळे होणारी भावना. लक्षणीय आकार कोणता? ज्यामुळे सौंदर्यभावना होते तो. या वर्तुळातून बाहेर पडण्यासाठी बेलने आपल्याच ग्रंथात ‘आधिभौतिक गृहीतक’ मांडले : वस्तूकडे उपयोगाच्या संबंधांवाचून, केवळ साध्य म्हणून पाहणाऱ्या कलावंताला जे अंतिम सत्य प्रतीत होते, त्याची जाणीव आकारातून होते. म्हणजे ज्या विशेषणाला कर्म नाही असे सांगितले, त्याला मागील दाराने कर्म मिळाले. फ्राय या बाबतीत अधिक प्रामाणिक ठरतो. १९२० च्या ‘व्हिजन अँड डिझाइन’ या संग्रहाच्या अखेरच्या सिंहावलोकनात त्याने राफाएलच्या ‘ट्रान्सफिगरेशन’ या चित्रावर ख्रिस्ती प्रेक्षक व केवळ आकार पाहणारा प्रेक्षक यांच्या प्रतिक्रिया वेगवेगळ्या करून दाखविल्या. आकाराच्या या गुणाला केवळ सुखद रचनेहून अधिक काही आशय आहे, हे त्याने मान्य केले. परंतु तो कोणता, हे सांगू जाता आपण गूढवादाच्या गर्तेत पडू, म्हणून येथेच थांबावे, असा त्याचा निर्णय होता. उपपत्तीच्या दृष्टीने हे अपयश होय. तरीही त्या काळच्या कलासमीक्षेत इतके विश्वसनीय पान क्वचितच आढळते.

पुढे हे विशेषण दोन दिशांनी गेले. सुझान लँगर हिने १९५३ मधील ‘फीलिंग अँड फॉर्म’ या ग्रंथात संज्ञा ठेवली आणि पहिली छटा उघडपणे स्वीकारली : कलेचा आकार भावजीवनाच्या घडणीचे प्रतीक असतो. बेलच्या शब्दाचा तिने जो अर्थ केला तो बेलला मानवला नसता. परंतु शब्दाच्या व्युत्पत्तीशी तो अधिक इमानी होता. क्लेमंट ग्रीनबर्ग या अमेरिकन समीक्षकाने उलट विशेषण टाकूनच दिले. १९४० मध्ये ‘पार्टिझन रिव्ह्यू’त आलेल्या लेखापासून १९६० च्या ‘मॉडर्निस्ट पेंटिंग’पर्यंत त्याचा आग्रह असा की, प्रत्येक कलेने आपल्या माध्यमाचे जे स्वतःचे तेवढेच राखावे, चित्रकलेच्या बाबतीत ते म्हणजे पृष्ठाचा सपाटपणा. येथे आकार काही सुचवीत नाही व भावनेचेही फारसे कारण उरत नाही. पॉलॉकच्या पिढीला या विचाराने आधार दिला. पण पुढे लिओ स्टाइनबर्गने १९७२ च्या ‘अदर क्रायटेरिया’त दाखवून दिल्याप्रमाणे जुन्या चित्रांचा व नव्या प्रयोगांचा मोठा भाग या निकषातून निसटून जातो. तत्पूर्वी मॉरिस वाइट्झने १९५६ मध्ये प्रश्नालाच वेगळे वळण दिले होते. बेलची व्याख्या वस्तुतः व्याख्या नसून कलेत काय मोलाचे मानावे याविषयीची शिफारस आहे, असे त्याचे म्हणणे. व्याख्या म्हणून फसलेले वाक्य शिफारस म्हणून केवढे काम करू शकते, हे १९१० च्या प्रेक्षकांचा क्षोभ आठवला म्हणजे उमगते.

मराठी सौंदर्यविचारात या उपपत्तीचा खरा प्रतिध्वनी बा. सी. मर्ढेकर यांच्या लेखनात उमटला. १९३७ मधील ‘आर्ट्‌स अँड मॅन’ आणि १९५५ मधील ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथांत मर्ढेकरांनीही सौंदर्यभावना स्वतंत्र मानली. पण त्यांनी बेलने मोकळी सोडलेली जागा दुसऱ्या टोकाने भरली. ‘लक्षणीय कशामुळे’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की, संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी संवेदना बांधल्या गेल्या म्हणजे आकार सुंदर होतो. विशेषणाचे गूढ विस्तारत न बसता त्यांनी नामाचेच पृथक्करण केले, ही त्यांच्या विचाराची जमेची बाजू.

अडचण आली ती साहित्यापाशी. रंगाचा ठिपका कशाचाही निर्देश न करता असू शकतो. शब्दाचे तसे नाही. अर्थ काढून घेतला तर शब्द उरत नाही, ध्वनी उरतो, आणि ध्वनीच्या लयीवर फार तर बडबडगीत उभे राहते. म्हणून साहित्याचे माध्यम शब्दांचे भावनात्मक अर्थ होत, असे मर्ढेकरांना म्हणावे लागले. अर्थ आकारापलीकडे राहण्याऐवजी येथे तो घडवावयाची सामग्रीच झाला. बेलच्या चौकटीत ही कल्पना बसत नाही, आणि तिच्यामुळे लौकिक जीवन साहित्याच्या दारातून पुन्हा आत येते. रा. भा. पाटणकर यांनी १९७४ च्या ‘सौंदर्यमीमांसा’ या ग्रंथात लौकिकतावाद व अलौकिकतावाद हे दोन ध्रुव मानून जी मांडणी केली, तिच्यामागे हाच पेच आहे. शब्दांचे भावनात्मक अर्थ एकमेकांशी संवादी वा विरोधी आहेत हे कोणत्या कसोटीने ठरवावयाचे, याचे उत्तर मात्र लयसिद्धांतात नाही. रंगांच्या विरोधासाठी डोळा पुरतो; अर्थांच्या विरोधासाठी ते अर्थ जेथे घडले ती भाषा आणि तो समाज माहीत असावा लागतो.