लिलावातला गेंडा
जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेतील डॅलस सफारी क्लबच्या निधिलिलावात नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना साडेतीन लाख डॉलरला गेला. दुर्मीळ प्राणी वाचवायला त्यालाच मारायचे? लोकांचा हा संताप समजण्याजोगा आहे. पण परवाना प्रजननाचे वय उलटलेल्या नरासाठी होता. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटीस करारानुसार नामिबियाला वर्षाला पाचच प्रौढ नरांच्या शिकारीची मुभा होती आणि पैसा गेंड्यांच्या रक्षणासाठी राखलेला होता. चोरट्या शिकारीविरुद्धची गस्त फुकट होत नाही. मला कळीचा आक्षेप वेगळा वाटतो: वन्यप्राण्यांच्या शेजारी राहणाऱ्या गावांना शिकारीतून काय मिळते? नामिबियात 1996 च्या कायद्याने सामूहिक संवर्धनक्षेत्रांना वन्यजीवांपासूनच्या उत्पन्नावर हक्क दिला, म्हणून तिथली नियंत्रित शिकार मी समर्थनीय मानतो. असा हक्क नसलेल्या देशात मात्र अशा लिलावाला माझा विरोधच राहील.