गुंठाभर पाऊस

गावाकडे फोन केला की पावसाळ्यात माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अण्णा, किती झाला?" अण्णा म्हणजे माझे चुलते. त्यांचं उत्तर कधीही आकड्यात येत नाही. "पागोळ्या गळाल्या," "ढेकूळ विरघळलं," "सऱ्या तुंबल्या," "बांधाला खांडी पडल्या," ही त्यांची मापं. मागे एकदा मीच शहाणपणा केला. म्हटलं, "बातम्यांत सांगितलं, तुमच्याकडे बावीस मिलिमीटर." पलीकडून हसू आलं. "बावीस मिलिमीटर? अरे, माझ्या चपलेचा तळ त्याहून जाड आहे!"

त्यांची चूक नाही. मिलिमीटर हे माप कानाला फार किरकोळ वाटतं. आणि त्याच पावसाचं पाणी धरणात गेलं की आपण एकदम टीएमसीत बोलायला लागतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. एक आकडा मुंगीएवढा, दुसरा डोंगराएवढा, आणि ज्या मापात माणूस जगतो ते मधलं माप दोन्हीकडे नाही. म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर गुंठ्याचा हिशेब मांडला.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. चौरस मीटरमध्ये जवळपास १०१. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. म्हणजे गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. इतकं सोपं गणित शाळेत कुणी सांगितलं नाही याचं मला आजही नवल वाटतं. गुंठे चाळीस केले की एकर. अण्णांचे ते चपलेच्या तळाएवढे बावीस मिलिमीटर एका एकरावर ८९ हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास नऊ टँकर. इंचभर पाऊस झाला तर एकराला लाखभर लिटर. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "टँकर आला तर आम्ही सरपंचाला हार घालतो."

टँकरवरून लातूर आठवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ते अनेकांच्या लक्षात असेल. सुरुवातीच्या गाड्या दहा वाघिणींच्या होत्या, पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, मिरजेला नदीवरून पाणी उचलायचं, वाघिणी भरायच्या, लातूरला उतरवून घ्यायचं, शुद्ध करायचं, मग टँकरनं वाटायचं. देशभर त्या गाडीची छायाचित्रं छापून आली. आता हेच पाणी पावसात मोजू. पंचवीस लाख लिटर म्हणजे चोवीस-पंचवीस एकरांवर पडलेला एक इंच पाऊस. एखाद्या बऱ्यापैकी खातेदाराच्या रानावर तासाभरात पडून जातो तेवढा.

उलट बाजूनंही हिशेब करून पाहिला. लातूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ७,१५७ चौरस किलोमीटर. साऱ्या जिल्ह्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर होतात सातशे पंधरा कोटी लिटर, म्हणजे पन्नास वाघिणींच्या २,८६० गाड्या. रोज एक गाडी धरली तर जवळपास आठ वर्षं. आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे काय, तर ज्याला हवामान खातं पावसाचा दिवससुद्धा म्हणत नाही. त्यासाठी किमान अडीच मिलिमीटर लागतात.

हे पाणी वर जातं कसं, हा माझा लहानपणापासूनचा प्रश्न. ढग हलका दिसतो, म्हणून कापसाची उपमा. पण एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा साधा पांढरा ढग घेतला तर त्यात सुमारे पाचशे टन पाणी असतं. असल्या गोष्टी हत्तीत मोजायची प्रथा आहे. मी आपल्या सोयीनं उसाचे ट्रक घेतो: दहा टनी, पन्नास. ते डोक्यावर तरंगतात, कारण ते पाणी फार बारीक कणांत वाटलेलं असतं. ढगातल्या कणाचा व्यास मिलिमीटरचा पन्नासावा भाग, खाली येण्याचा वेग सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर, आणि खालून वर चढणारी हवा त्याहून जोरकस. दोन मिलिमीटरचा एक थेंब व्हायला असे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. आणि असे दोन लाख चाळीस हजार थेंब मिळून एक लिटर होतं. आपण म्हणतो, "चार थेंब पडले."

वर नेण्याची मजुरी तर आणखी थक्क करते. पाण्याची वाफ करायला उष्णता लागते, लिटरला सुमारे ०.६८ युनिट. वीजमीटरवरचंच युनिट. म्हणजे अण्णांच्या एका एकरावरच्या त्या बावीस मिलिमीटरसाठी सूर्यानं समुद्रावर साठ हजार युनिट खर्च केलेले असतात. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची ही पन्नास वर्षांची वीज, आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता वर हवेत मोकळी होते. वादळाचं इंजिन चालतं ते याच्यावर.

आता सगळा देश घेऊ, एकदाच. जून ते सप्टेंबर भारतावर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. क्षेत्रफळ सुमारे तेहतीस लाख चौरस किलोमीटर. गुणाकार केला की आकडा जवळजवळ एक लाख टीएमसीवर जातो. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे चार महिन्यांत साडेनऊशेहून जास्त कोयना, दिवसाला जवळपास आठ. आणि एवढं पाणी उचलायला लागलेली उष्णता आपला देश वर्षभरात जेवढी वीज तयार करतो तिच्या हजारपट भरते. एकशे चाळीस कोटी लोकांत ते पाणी वाटलं तर माणशी वीस लाख लिटर, दोनशे टँकर. मग टंचाई कसली?

याच ठिकाणी सरासरी आपल्याला फसवते. २६ जुलै २००५ चं उदाहरण मुंबईकराला सांगावं लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गुंठ्याला साडेनऊ टँकर, पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या सरासरीतला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा एका दिवसात. त्याच दिवशी, त्याच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला ७३. दोन्हींची सरासरी काढा: ५०८. हा ५०८ मिलिमीटर पाऊस त्या दिवशी ना सांताक्रूझला पडला, ना कुलाब्याला. वहीत मात्र तो लिहिता येतो.

जागेची सरासरी असं करते, आणि काळाची सरासरी त्याहून लबाड. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारतातल्या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून दाखवलं की हंगामाची बेरीज फारशी हललेली नाही, पण तिच्या आत अदलाबदल झाली आहे: मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज साळसूदपणे जागच्या जागी राहते. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ चा काळ घेतला. दिवसात दीडशे मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आणि एकाच वेळी मोठ्या टापूवर कोसळणारा पाऊस मध्य भारताच्या पट्ट्यात तिपटीनं वाढला असं त्यांना आढळलं. महाराष्ट्राचा मोठा भाग या पट्ट्यात येतो.

कारणाचा एक धागा स्वयंपाकघरात सापडतो. दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट. हवा तीस अंशांवर आणि वाफेनं गच्च भरलेली. तिच्यात सुमारे ८६० ग्रॅम पाणी मावतं. तापमान एक अंशानं वाढलं की आणखी जवळपास पन्नास ग्रॅम, म्हणजे कटिंग चहापेक्षा थोडं कमीच. हवेच्या तापमानानुसार ही वाढ अंशाला सहा-सात टक्क्यांच्या घरात असते. कटिंगनं काय होतं? पण खोलीऐवजी एक घन किलोमीटर हवा घ्या. तीच वाढ जवळपास सतरा लाख लिटरांवर जाते, लातूरच्या गाडीच्या पन्नासपैकी तेहतीस-चौतीस वाघिणी. आणि समुद्रावरून येणारी हवा असल्या किती घन किलोमीटरांनी येते ते मी मोजायला बसलो नाही. पृथ्वीचं तापमान औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत एका अंशाहून अधिक वाढलेलं आहेच. कर्बवायू हवेच्या दर दहा लाख भागांत २८० होता, तो ४२० च्या पुढे गेला आहे.

जादा पाणी मिळतंय तर बरंच की, असं कुणी म्हणेल. त्यानं काळ्या रानात उभं राहून पाहावं. भिजून फुगलेली काळी माती तासाला काही मिलिमीटरच पाणी पिते. दोन तासांत शंभर मिलिमीटर कोसळला तर एकरावर चार लाख लिटर येतात आणि मातीला घोट घोट पिऊ देण्याइतका धीर त्या पावसाला नसतो. उरलेलं पाणी बांध फोडून जातं आणि जाताना वरची माती घेऊन जातं. तेवढाच पाऊस आठ दिवस झडीनं पडला असता तर विहिरीला पाझर फुटला असता. पर्जन्यमापकात दोन्हीकडे शंभरच.

पर्जन्यमापकाचंही जरा सांगायला हवं, कारण हे सगळे प्रचंड आकडे शेवटी त्याच्या तोंडातून येतात. आपल्याकडच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरचं असतं, जेवणाच्या ताटापेक्षा लहान. अशी पाच हजार तोंडं शेजारी शेजारी मांडली तर जागा किती लागेल? एक गुंठा. जगभरच्या उपलब्ध पर्जन्यमापकांची तोंडं एकत्र केली तर फुटबॉलचं अर्धं मैदानही भरत नाही, असा हिशेब ख्रिस किड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडला होता. उपग्रह आणि रडार मदतीला आहेत, पण त्यांचेही कान पिळायला शेवटी हीच भांडी लागतात.

ही भांडी जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे, आणि प्रदेशागणिक आकडेही दिले आहेत. कोरड्या जांगल प्रदेशात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस, गोदावरीकाठच्या अश्मकात साडेतेरा. अपरांतासाठी, म्हणजे आपल्या कोकणासाठी, त्यानं आकडाच दिलेला नाही. तिथं अमित पाऊस, असं म्हणून तो पुढे गेला. मोजदाद करणाऱ्या माणसानं एका जागी हात टेकले, हे मला त्या ग्रंथातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं.

तेव्हा आकड्यावरून पेरणी ठरे, आता भरपाई ठरते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी. मंडळं राज्यात दोन हजारांच्या वर आहेत, म्हणजे एका मंडळाच्या वाट्याला ढोबळमानानं एकशे चाळीस चौरस किलोमीटर, पस्तीस हजार एकर. त्या पस्तीस हजार एकरांच्या वतीनं एक भांडं बोलतं. सांताक्रूझ आणि कुलाबा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे शिवारातल्या लोकांची त्या भांड्याशी भांडणं का होतात ते कळेल. ढग काही मंडळाची हद्द बघून फुटत नाही.

अण्णांना यातलं जे पटलं ते एवढंच की आपलं माप आपल्याकडे असावं. त्यांनी गच्चीवर सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवला आहे, वारा उडवू नये म्हणून भोवती तीन विटा. सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, नातवाची कंपासपेटीतली पट्टी त्यात बुडवायची आणि आकडा वहीत टिपायचा. आता फोन तेच करतात आणि पागोळ्या, सऱ्या वगैरे काही सांगत नाहीत.

परवा म्हणाले, "एकवीस."

"छान झाला की अण्णा. एकराला पंच्याऐंशी हजार लिटर."

"हो, पण सगळा पाऊण तासात आला. वरच्या तुकड्यातली सोयाबीन आडवी झाली. ते तुझ्या आकड्यात कुठं लिहायचं?"

मी त्यांना वहीत दुसरा रकाना आखायला सांगितला: पाऊस किती वेळ पडला.