घरगुती संगणकांची घराणी

आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा मी नववीत होतो. केंद्र सरकारने १९८४मध्ये 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला होता आणि त्यातून निवडक शाळांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो मिळत होते. चपला दाराबाहेर काढायच्या, एका खुर्चीवर दोघांनी टेकायचे, बाकीच्यांनी मागे उभे राहायचे, असा तो तास असे. भांडणे व्हायची, पण ती पाळीवरून. यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याच्याशी कुणाला काही देणेघेणे नव्हते. दुसरे यंत्र आम्ही पाहिलेच नव्हते.

पुढे त्या काळातील ब्रिटिश संगणक-मासिके वाचनात आली आणि मी चकित झालो. आमच्याच वयाची तिकडची मुले वाचकांच्या पत्रव्यवहारात एकमेकांच्या संगणकाचा उद्धार करत होती. मुख्य फळ्या दोन : सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमवाले आणि कमोडोर ६४वाले. हे वैर पोरकट म्हणून सोडून देता येईल. पण त्याच्या मुळाशी जाऊ लागलो तसे मला दिसले, की त्यामागे घराघरातला रोखठोक हिशेब होता.

स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. १६ के स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ के स्मृतीचा १७५ पौंडांना. रबरी कळा, पुठ्ठ्याच्या वहीएवढा आकार, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि कार्यक्रम साठवायला घरातलाच साधा टेपरेकॉर्डर. कमोडोर ६४ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ५९५ डॉलरला विक्रीस आला. ब्रिटनमध्येही तो स्पेक्ट्रमपेक्षा बराच महाग होता, आणि त्याला टेपरेकॉर्डरही त्याच कंपनीचा लागे. सामान्य घरात असा संगणक एकदाच येणार. एकदा घेतला की काही वर्षे तोच.

त्यात आणखी एक मेख होती. स्पेक्ट्रममध्ये झेड-८० जातीचा प्रोसेसर होता, कमोडोरमध्ये ६५१०. दोघांची आज्ञावली वेगळी, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्यावर चालत नसे. शाळेच्या मैदानावर खेळांच्या कॅसेटींची देवघेव व्हायची, नकलाही व्हायच्या. वर्गातल्या बहुतेकांकडे स्पेक्ट्रम असेल आणि तुमच्या वडिलांनी कमोडोर आणला असेल, तर तुम्ही एकटे पडलात. म्हणजे मित्राला आपल्या पंथात ओढणे हा आपल्या कॅसेटींचा साठा वाढवण्याचा मार्ग होता. आणि आपल्या यंत्राची बाजू घेणे म्हणजे आईवडिलांनी खर्च केलेले पैसे वाया गेले नाहीत, हे आधी स्वतःला पटवणे होते.

वादाचे मुद्दे ठरलेले असत. कमोडोरवाले स्पेक्ट्रमच्या रंगांना हसत. खेळातला माणूस झाडाजवळून गेला की झाडाचा रंग त्याला लागे, किंवा त्याचा झाडाला. हे का होई, ते आकड्यांनी नीट कळते. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२, म्हणजे एकूण ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला सोळांपैकी स्वतंत्र रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट लागले असते : मोठ्या मॉडेलची निम्मी स्मृती, आणि लहान मॉडेलमध्ये तर ते मावलेच नसते. म्हणून रचनाकारांनी ठिपका फक्त पेटलेला की विझलेला एवढेच नोंदवले. त्याला ६,१४४ बाइट लागले. रंग मात्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीला मिळून दोनच दिले. अशा ७६८ चौकटी, म्हणजे आणखी ७६८ बाइट. सगळा पडदा ६,९१२ बाइटांत बसला. एकाच चौकटीत दोन वस्तू आल्या की रंगांची सरमिसळ होणारच. स्वस्ताईची ती किंमत होती.

कमोडोरकडे सोळा रंग होते आणि पार्श्वभूमीला धक्का न लावता पडद्यावर सरकणाऱ्या आठ आकृत्या त्याची चित्र-चिप स्वतःच सांभाळे. बॉब यॅनिस यांनी रचलेल्या 'सिड' या ध्वनी-चिपमधून एकाच वेळी तीन स्वर निघत. स्पेक्ट्रमचा भोंगा त्यापुढे पिपाणी वाटे. पण कमोडोरच्या बहुरंगी पद्धतीत ठिपके दुप्पट रुंद होत, चित्र ठोकळेबाज दिसे. स्पेक्ट्रमवाले त्यावर बोट ठेवत, आणि आपला प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्‌झचा, तुमचा जेमतेम एकचा, असे सुनावत. हा शेवटचा मुद्दा फसवा होता. झेड-८०ला सर्वांत छोट्या आज्ञेलाही चार ठोके लागतात, ६५१०चे काम दोन ठोक्यांत होते.

आपल्या संगीतात एखाद्या गायकाच्या गळ्याच्या मर्यादेतून गायकी घडते आणि पुढे तीच घराण्याची ओळख ठरते, असे जाणकार सांगतात. इथेही तसेच घडले. 'अल्टिमेट' या खेळकंपनीने १९८४मध्ये स्पेक्ट्रमसाठी 'नाइट लोअर' काढला. तिरक्या कोनातून दिसणाऱ्या त्याच्या खोल्या त्रिमितीय भासत, आणि प्रत्येक खोली एकरंगी होती. रंग मिसळतात ना, मग एकच रंग वापरू! त्या एकरंगी खोल्यांवर पोसलेल्या वाचकाला कमोडोरचे सोळा रंग बटबटीत वाटले तर नवल नाही. कान एका घराण्यात तयार झाला की दुसरे कच्चेच वाटते.

या वैराला खतपाणी घालणारे कोण होते? श्रॉपशायरमधल्या लडलो या लहानशा गावातील न्यूजफील्ड या प्रकाशनसंस्थेने १९८४च्या आरंभी स्पेक्ट्रमवाल्यांसाठी 'क्रॅश' हे मासिक काढले. पुढच्याच वर्षी कमोडोरवाल्यांसाठी 'झॅप ६४' काढले, तेही न्यूजफील्डनेच! दोन्हींची मुखपृष्ठे एकाच चित्रकाराने, ऑलिव्हर फ्राय यांनी रंगवली. वाचक ज्या छावण्यांतून एकमेकांवर तुटून पडत होते, त्यांचा गल्ला एकच होता.

थोरांचे वागणे पोरांहून वेगळे नव्हते. सर क्लाइव्ह सिंक्लेअर आणि एकॉर्नचे ख्रिस करी हे एके काळचे सहकारी. १९८४च्या डिसेंबरमध्ये एकॉर्नने सिंक्लेअरची यंत्रे बिघडतात असे सुचवणारी जाहिरात दिली, आणि केंब्रिजच्या 'बॅरन ऑफ बीफ' या मद्यगृहात सर क्लाइव्ह करींच्या अंगावर धावून गेले. सरदारकीचा किताब मिळून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

बाजाराने दोन्ही घराणी मोडली. एप्रिल १९८६मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ॲमस्ट्रॅडने पन्नास लाख पौंडांना विकत घेतला. कमोडोरचे दिवाळे १९९४मध्ये निघाले. तोवर सगळीकडे एकसारखे पीसी येऊ लागले होते आणि एकाचा कार्यक्रम दुसऱ्यावर चालू लागला होता. मैदानावरचे भांडण त्या दिवशी संपले.

ही पत्रे प्रथम वाचली तेव्हा मला आमचेच वागणे शहाणपणाचे वाटले होते. आता तसे वाटत नाही. मॅथ्यू स्मिथ या मुलाने १९८३मध्ये, जेमतेम सतरा वर्षांचा असताना, स्पेक्ट्रमवर 'मॅनिक मायनर' हा गाजलेला खेळ लिहिला. यंत्र रात्री घरात असल्याशिवाय असे काही हातून होत नाही. रंग कुठे मिसळतो, भोंगा कुठे थकतो, हे त्या पोरांना पाठ होते. शिव्या देताना ती आपल्या यंत्राबद्दल खूप काही जाणून बोलत होती. भारतातही पुढे परवान्याने बनलेला 'डीबी स्पेक्ट्रम' आला, पण तो आमच्या ओळखीच्या एकाही घरात पोचला नाही. आमचा बीबीसी मायक्रो तास संपला की झाकला जाई आणि खोलीला कुलूप लागे. त्याच्यासाठी भांडावे इतका तो आमचा कधी झालाच नाही.