मायक्रॉनच्या ठोकळ्यापासून शिवसागरापर्यंत

रक्ताच्या साध्या तपासणीचा, म्हणजे सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की नजर हिमोग्लोबिनवर जाते आणि तिथेच थांबते. त्याच कागदावर थोडं खाली ‘एमसीव्ही’ अशी एक ओळ असते. निरोगी प्रौढ माणसाच्या रिपोर्टात तिथे साधारण ८० ते १०० मधला आकडा दिसतो आणि पुढे एकक असतं ‘एफएल’, फेम्टोलिटर. हे तुमच्या एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ज्या लिटरने आपण दूध घेतो, त्याच लिटरचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोलिटर.

इतक्या लहान मापावर विश्वास कसा ठेवायचा? पडताळा त्याच कागदावर आहे. एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. एक पेशी ९० फेम्टोलिटरची धरली तर त्या सगळ्यांचं आकारमान झालं ४५ कोटी फेम्टोलिटर. एका मायक्रोलिटरमध्ये फेम्टोलिटर मावतात १०० कोटी. म्हणजे रक्ताचा ४५ टक्के भाग पेशींनीच व्यापलेला. आता रिपोर्टातली ‘पीसीव्ही’ची ओळ बघा, तिथे हेच प्रमाण छापलेलं असतं. आजची यंत्रं एकेक पेशी मोजून ते गणिताने काढतात. पूर्वी बारीक नळीतलं रक्त यंत्रात गरगर फिरवत आणि तळाशी बसलेल्या पेशींच्या थराची उंची पट्टीने मोजत. डोळ्यांना न दिसणारी पेशी आणि पट्टीने मोजलेला थर एकाच उत्तरावर येतात, याचं मला आजही नवल वाटतं.

हे जमतं, कारण लिटर मुळात लांबीतूनच जन्मला आहे. १७९५ साली फ्रान्सने कायदा केला आणि दहा सेंटिमीटर बाजूच्या घनात मावेल ते एक लिटर असं ठरलं. त्यामुळे सगळ्या लहानमोठ्या मापांना आपापला ठोकळा मिळाला. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा म्हणजे मिलिलिटर, एक मिलिमीटरचा मायक्रोलिटर आणि एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, फेम्टोलिटर. वरच्या बाजूला एक मीटरचा ठोकळा हजार लिटरचा, तर एक किलोमीटरचा लाख कोटी लिटरचा, म्हणजे एकावर बारा शून्यं. लांबी दहापट वाढली की आकारमान हजारपट वाढतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. मायक्रॉन ते किलोमीटर या प्रवासात लांबीला नऊ शून्यं लागतात, आकारमानाला सत्तावीस.

आता मोठ्या टोकाला जाऊ. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. मेट्रिक मापात ही क्षमता होते सुमारे २,९८० दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर, तेव्हा हा साठा झाला जवळजवळ तीन लाख कोटी लिटर. आणि एवढं सगळं पाणी, सह्याद्रीच्या खोऱ्यात दूरवर पसरलेला धरणाचा अख्खा शिवसागर जलाशय, जेमतेम १.४४ किलोमीटर बाजूच्या एका घनात मावतो! तितकं अंतर आपण वीस मिनिटांत चालून जाऊ.

मधल्या काळात लिटरची व्याख्या एकदा बदललीही होती. १९०१ साली लिटर पाण्याच्या वजनाला बांधला गेला. शुद्ध पाणी सर्वांत दाट असतं त्या तापमानाला एक किलो पाणी जितकी जागा व्यापेल तितका लिटर. पण किलोचं प्रमाण-वजन घडवताना किंचित फरक राहिला होता. त्यामुळे हा लिटर दहा सेंटिमीटरच्या घनाहून २८ मायक्रोलिटरने मोठा निघाला. साधा थेंब ५० मायक्रोलिटरचा धरला, तर हा फरक साधारण अर्ध्या थेंबाचा. तोच फरक कोयनेच्या साठ्याला लावला तर तो आठ कोटी लिटरहून जास्त भरतो. १९६४ साली लिटर पुन्हा आपल्या ठोकळ्यात परतला, हे मला फार योग्य वाटतं.

पाऊस आपण मिलिमीटरमध्ये, म्हणजे लांबीत मोजतो, तेही याच नात्यामुळे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं, आणि एक चौरस किलोमीटरवर दहा लाख लिटर. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर आहे. तिथे पडणारा प्रत्येक मिलिमीटर म्हणजे ८९ कोटी लिटर. रिकामं धरण काठोकाठ भरायला साधारण ३,३५० मिलिमीटर पावसाचं पाणी वाहत यायला हवं. पडलेलं सगळं पाणी काही धरणात पोचत नाही, बरंचसं जमिनीत मुरतं. पण कोयना जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, आणि गेल्या वर्षीचं थोडं पाणी धरणात शिल्लकही असतं. म्हणूनच भर पावसाळ्यात धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलून पाणी नदीत सोडावं लागतं.